घराची बाहेरची बाजू

परभणी जिल्ह्यातील कोणत्याही घरावर एका वर्षात काय काय गुदरते याची शांतपणे मोजदाद केली, तर ते घर उभे राहते याचेच प्रथम आश्चर्य वाटावे. वैशाखात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी गच्चीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही. पौषात कृषी विद्यापीठाच्या परिसरात किमान तापमान कित्येकदा ५ अंशांच्याही खाली उतरते. मधल्या चार महिन्यांत वर्षाचा बहुतेक सारा पाऊस पडतो, आणि त्याचाही मोठा वाटा रिमझिमत न येता थोड्या दिवसांत कोसळून भिंतींवर आपटतो. आणि या सर्व काळात ज्या भूमीवर ते घर उभे असते ती काळी भूमी पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आकसून त्याच्या पायाला स्वस्थ बसू देत नाही. हा सारा मारा घराच्या बाह्यांगावर होतो. आपले लक्ष मात्र, जेथे आपण बसतो-उठतो आणि पाहुण्यांना बसवतो, त्या अंतर्भागावर खिळलेले असते. बैठकीतील फरशीला चीर गेली तर दुसऱ्याच दिवशी गवंड्याला निरोप जातो. गच्चीच्या कठड्यात पिंपळाने मूळ धरले असेल, तर ते मूळ मनगटाएवढे होईपर्यंत त्याच्याकडे कोणाची दृष्टीही वळत नाही.

पूर्वीची व्यवस्था निराळी होती, आणि ती निराळी असण्याचे कारण लोकांच्या शहाणपणाइतकेच त्यांच्या नाइलाजातही होते. उत्तरेस जिंतूरच्या डोंगराळ भागात आणि दक्षिणेस गंगाखेडकडच्या बालाघाटाच्या पट्ट्यात दगड विपुल. मधल्या गोदावरी, दुधना आणि पूर्णेच्या सपाट खोऱ्यांत, म्हणजे पाथरी, मानवत, सेलू, सोनपेठ, पूर्णा, पालम या बाजूस माती विपुल. त्या त्या मुलखाप्रमाणे भिंती दगडाच्या किंवा मातीच्या होत. परंतु माथ्यावर बहुतेक ठिकाणी एकच तऱ्हा असे, आणि ती म्हणजे धाब्याचे माळवद. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण, त्यावर पाला, पाल्यावर चिखलाचा थर आणि सर्वांत वर गावठाणातून आणलेली पांढरी माती चोपून बसवलेली, अशी ही रचना उन्हाळ्यात घर थंड ठेवीत असे आणि त्याबद्दल दरसाल आपला मेहनताना वसूल करून घेत असे. मृग लागण्यापूर्वी माळवदावर चढून भेगा बुजवाव्या लागत, उंदरांची बिळे शोधावी लागत, मातीचा नवा हात द्यावा लागे आणि पन्हाळी मोकळ्या कराव्या लागत. श्रावणात वर उगवलेले गवत उपटावे लागे. घटस्थापनेच्या आधी सारे घर धुऊन-सारवून निघे आणि दिवाळीपूर्वी भिंतींना चुना लागे. या कामाचे टिपण कोणी ठेवीत नसे, त्याला शास्त्र असेही कोणी म्हणत नसे. पण नक्षत्रे आणि सण यांनी ती कामे अशी बांधून ठेवलेली होती की ती विसरण्याची सोयच नव्हती. एखाद्याने आळस केलाच, तर पहिल्याच झडीत पाणी त्याच्या अंथरुणावर येई.

मग सिमेंट आले. त्याचे उपकार नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल. काँक्रीटच्या छतात उंदीर बिळे करीत नाहीत, त्याला वाळवी खात नाही, त्याच्यावर दरसाल पाट्यांनी माती वाहावी लागत नाही. पावसाळ्याच्या रात्री घरातली भांडी जागोजागी मांडून बसण्याची पाळी ज्या पिढीने अनुभवली, तिला स्लॅब म्हणजे मुक्ती वाटली असल्यास त्यात नवल नाही. परंतु या मुक्तीबरोबर एक भ्रमही घरात शिरला, आणि तो असा की पक्के घर एकदा बांधले म्हणजे मालक कायमचा मोकळा झाला. माळवद पहिल्या पावसात तक्रार करीत असे; काँक्रीट दहा-पंधरा वर्षे मुकाट्याने सोसते, आणि जेव्हा त्याची कुरबुर ऐकू येते तेव्हा आतली सळई गंजून गेलेली असते. सिमेंटने देखभालीची गरज संपवली नाही. तिची ठरलेली तिथी तेवढी पुसून टाकली.

हा भ्रम आपल्या जिल्ह्यात विशेष महाग पडतो, याचे कारण पायाखालच्या मातीत आहे. गावगाड्याच्या जुन्या व्यवहारात पिकाची काळी आणि वस्तीची पांढरी यांची सरमिसळ सहसा होत नसे. गावठाण बहुधा उंचवट्यावरच्या पांढरीवर असे. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडक्या भिंतींची माती आणि चुनखडी यांच्या थरांनी बनलेली ती जमीन पाण्याने फारशी फुगत नाही. काळी जमीन नांगरासाठी राखलेली होती. गेल्या काही दशकांत परभणी शहराच्या चोहोबाजूंनी आणि तालुक्यांच्या गावांभोवती ज्या नव्या वसाहती उठल्या, त्या मात्र काल-परवापर्यंत कापूस, ज्वारी आणि तूर पिकवणाऱ्या शेतांचे अकृषिक प्लॉट पाडून उठल्या. घर पांढरीवरून काळीवर आले, आणि ज्या जमिनीवर आजोबांनी गोठाही बांधला नसता तिच्यावर नातवाने दुमजली इमारत उभी केली.

काळ्या मातीचा हा स्वभाव दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून तिला वारशाने मिळालेला आहे. त्या खडकाच्या विघटनातून जी चिकणमाती होते तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते, आणि त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरकून माती फुगते व पाणी उडाले की आकसते. चैत्र-वैशाखात शेतात ज्या भेगांमध्ये कोपरापर्यंत हात जातो त्या याच आकसण्याच्या खुणा होत. साऱ्या घराखालची माती सारखी फुगली आणि सारखी आकसली असती, तर घर सबंधच्या सबंध वर-खाली झाले असते आणि फारसे बिघडले नसते. प्रत्यक्षात घराच्या मध्यभागाखालची माती आडोशामुळे जवळजवळ एकाच ओलाव्यात राहते आणि कडेची माती ऋतूप्रमाणे भिजते व वाळते. त्यामुळे घराच्या कडा पावसाळ्यात उचलल्या जातात, उन्हाळ्यात खचतात, मध्य मात्र जागच्या जागी राहतो, आणि या विषम ओढाताणीतून दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून निघणाऱ्या तिरप्या भेगा भिंतीवर उमटतात.

नवीन बांधणाऱ्यासाठी यावर उपाय आहे. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी, तळाशी फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खांबांचा पाया विकसित केला. हे खांब साधारण साडेतीन मीटर खोल, जेथे ऋतूंचा ओलावा पोचत नाही तेथपर्यंत नेतात आणि घराचा भार तेथे टेकवतात. परंतु ज्यांची घरे आधीच उभी आहेत त्यांच्या हाती एकच मार्ग उरतो: पायाजवळच्या मातीचा ओलावा बारा महिने शक्य तितका सारखा ठेवणे. त्यासाठी जोत्याभोवती किमान एक मीटर रुंदीचा, घरापासून बाहेर उतरता असा फरशीचा किंवा काँक्रीटचा पट्टा असावा, आणि तो फुटला तर त्याच हंगामात दुरुस्त व्हावा. छपराचे पाणी पन्हाळातून थेट भिंतीच्या पायथ्याशी न पडता नळीने नालीपर्यंत जावे. न्हाणीचे सांडपाणी, गळका नळ किंवा फुटलेली शौचकूपाची टाकी भिंतीलगत वर्षानुवर्षे मुरत राहू नये. आणि मोठ्या वाढीचे झाड भिंतीपासून, शक्य असल्यास त्याच्या पूर्ण उंचीइतके, दूर असावे, कारण अशी झाडे उन्हाळ्यात मातीतला ओलावा ओढून घेतात आणि एका बाजूची जमीन दुसरीपेक्षा लवकर आकसते. या सर्व गोष्टी घराच्या बाहेर घडतात, आणि त्यांची शिक्षा आतल्या भिंतीला होते.

भेग दिसली की बहुतेक घरमालक तिच्यात सिमेंट भरून रंग मारतात व निश्चिंत होतात. वास्तविक प्रथम जाणून घ्यायचे असते ते हे, की ती भेग थांबलेली आहे की अजून चालते आहे. त्याची जुनी आणि बिनखर्चाची तजवीज अशी: काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना सिमेंटने पक्की करावी, शेजारी भिंतीवर तारीख लिहावी आणि एक पावसाळा व एक उन्हाळा जाऊ द्यावा. काच तडकली तर हालचाल चालू आहे आणि दोष पायात किंवा पाण्यात शोधला पाहिजे. काच शाबूत राहिली तर भेग बुजवून टाकण्यास हरकत नाही.

मातीइतकाच उन्हाचाही विचार केला पाहिजे. १० मीटर लांबीचा काँक्रीटचा स्लॅब ३० अंशांच्या फरकाने सुमारे ३ मिलिमीटर लांब-आखूड होतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण उन्हाळ्यात रोज दुपारी प्रसरण आणि रोज पहाटे आकुंचन असा क्रम वर्षामागून वर्षे चालला, की गच्ची आणि कठडा यांचा सांधा प्रथम उकलतो. त्या सांध्यातून शिरलेले पाणी सळईपर्यंत जाते. चांगल्या काँक्रीटमध्ये मुळात अल्कली इतकी असते की तिच्यात लोखंड गंजत नाही. परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइड सूक्ष्म छिद्रांतून आत जाऊन हा गुण हळूहळू नष्ट करतो, आणि जेथे सळईवरचे आवरण अपुरे असते तेथे हे संरक्षण लवकर संपते. मग पाणी व हवा मिळून गंज चढवतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. तो आतून रेटा देतो, खालचे काँक्रीट पापुद्र्यांनी सुटते आणि एके दिवशी तपकिरी सळई उघडी पडते. यात सर्वांत अधिक दुर्लक्षित भाग म्हणजे खिडकीवरचा सज्जा. तो एकाच बाजूने भिंतीत धरलेला आणि दुसरीकडे अधांतरी असल्यामुळे त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. म्हणजे सज्ज्यावर जे पाणी, जी माती आणि जो पालापाचोळा साठतो, तो नेमका त्याच्या आधाराच्या डोक्यावर साठतो. खालून पाहणाऱ्यास काहीच दिसत नाही. म्हणून सज्जा वरून पाहावा, झाडून घ्यावा, आणि त्याच्यावर पाण्याच्या टाक्या व जुन्या विटा ठेवण्याची सवय सोडावी.

भिंतीच्या पृष्ठभागाविषयीही एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. मातीच्या जुन्या भिंती पक्क्या करण्याच्या हौसेने पुष्कळांनी त्यांना बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. मातीची भिंत आतला ओलावा दोन्ही अंगांनी बाहेर टाकत असते, आणि चुन्याचा हात तिला त्यात अडथळा करीत नाही. सिमेंटचा कठीण थर मात्र ओल आत कोंडतो आणि मातीच्या हालचालीशी त्याचे जुळत नाही. दोन-चार वर्षांत गिलावा भिंतीपासून सुटून पोकळ होतो. बोटाने ठोकल्यास आवाजावरून ते कळते. आणि तोवर त्याच्याआड भिंत पायथ्याशी भुसभुशीत झालेली असते. विटांच्या भिंतीवर जमिनीलगत जे पांढरे क्षार फुटतात आणि रंगाचे पोपडे सुटतात, त्यांचेही मूळ रंगात नसून खालून चढणाऱ्या ओलीत असते. ती ओल न थांबवता दर दिवाळीला नवा रंग देणे म्हणजे पैशांचा अपव्यय होय. पत्र्याच्या घरांची गोष्ट वेगळी. तेथे वळवाच्या वाऱ्याचे भय मोठे, आणि पत्रे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड मांडून ठेवण्याची रीत गावोगाव दिसते. सोसाट्याच्या वाऱ्यात पत्रा उचलला की तोच दगड खाली येतो. त्यापेक्षा हुकांचे बोल्ट आणि वायसर वर्षातून एकदा आवळून घेणे, गंजलेले बदलणे, हे कमी खर्चाचे आणि निर्धोक आहे.

येथवर देखभालीची महती सांगितली. आता तिची मर्यादा सांगितली पाहिजे, आणि ती मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन शिकलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे झोपेत दगावली. त्या वेळच्या भूकंप-नकाशात तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखवलेला होता. माणसे मारली ती मुख्यतः घरांनी. दगडांच्या रुंद भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांस जोडणारे लांब दगड त्यांत नव्हते, मधली पोकळी मातीने आणि कपच्यांनी भरलेली होती, आणि अशा भिंतींवर मातीच्या माळवदाचे प्रचंड ओझे होते. ते ओझे इतके का वाढले होते, हा प्रश्न आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. दरसाल गळती थांबवण्यासाठी जुनी माती न काढता तिच्यावर नवा थर चढवला जात होता. वडिलांनी चढवलेल्यावर मुलाने, मुलाने चढवलेल्यावर नातवाने. आणि असे करता करता कित्येक घरांवर मातीची जाडी दीड-दोन फुटांपर्यंत गेली होती. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब अशा साध्या खोलीवर अर्धा मीटर जाडीची माती म्हणजे नऊ-दहा टनांचा भार. देखभाल झाली होती, श्रद्धेने आणि नेमाने झाली होती. पण ती करताना भिंतीला पोट आले आहे काय, दगडांमधली माती पावसाने धुऊन गेली आहे काय, तुळई वाकली आहे काय, हे कोणी पाहिले नव्हते. पाहणीवाचून केलेली डागडुजी दोष झाकते, आणि कधी कधी वाढवतेही.

आपल्या जिल्ह्यात अजूनही खेड्यांमध्ये आणि कसब्यांच्या जुन्या पेठांमध्ये अशी घरे उभी आहेत, आणि भूमी पूर्णपणे शांत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का २१ मार्च २०२४ च्या सकाळी परभणी आणि नांदेड येथेही जाणवला. म्हणून माळवदाच्या घरात राहणाऱ्यांनी नवी माती टाकण्यापूर्वी जुनी खरवडून काढावी, थर पातळ ठेवावा, पाणी अडवण्यासाठी मातीखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा, आणि भिंतीचा फुगवटा दिसल्यास तिकडे पाठ न फिरवता जाणत्या गवंड्यास किंवा अभियंत्यास दाखवावा. काँक्रीटच्या गच्चीचीही या बाबतीत सुटका नाही. गळती थांबवण्यासाठी कोब्यावर कोबा चढवत जाणारा घरमालक किल्लारीच्या वाटेनेच जात असतो.

मग पाहणी कशी आणि केव्हा करावी? त्यासाठी मोठ्या विद्येची आवश्यकता नाही. वर्षातून दोन वेळा, एकदा मृगापूर्वी आणि एकदा दसऱ्यानंतर, सकाळच्या तिरप्या उन्हात घराभोवती सावकाश फेरी घालावी, कारण त्या प्रकाशात भिंतीचा फुगवटा आणि गिलाव्याचा उंचसखलपणा स्पष्ट दिसतो. प्रथम गच्चीवर जावे: उतार पन्हाळांकडे आहे काय, पन्हाळांची तोंडे मोकळी आहेत काय, कठड्याच्या सांध्यात चीर आहे काय, कोठे रोपटे उगवले आहे काय. रोपटे वरवर छाटू नये. मुळासकट काढून ती फट भरून घ्यावी. नंतर सज्जे, खिडक्यांच्या चौकटींभोवतालच्या फटी, भिंतींवरील भेगा आणि ओलीचे डाग पाहावेत. अखेरीस जोते, त्याभोवतीचा पट्टा, नाली आणि टाकी. पावसाळ्यात पहिला मोठा पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारली, तर पाणी कोठून येते व कोठे थांबते हे जितके कळते तितके नंतर कोणत्याही तज्ज्ञाकडून कळत नाही. जे दिसेल ते एका वहीत तारखेसह लिहून ठेवावे. स्मरणशक्ती भेगांच्या बाबतीत फार विश्वासू नसते. गेल्या वर्षी ती चीर केसाएवढी होती की पैशाएवढी, हे वहीच सांगू शकते.

कायद्याने यात काही भाग उचललेला आहे. परभणी नगरपालिकेचे २०११ मध्ये महानगरपालिकेत रूपांतर झाल्यापासून शहराला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे, आणि त्याच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घेणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतींसाठी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतींसाठी तीन वर्षांतून एकदा संरचनेच्या तपासणीची तरतूद आहे. परंतु ही तीस वर्षांची मुदत म्हणजे शेवटची सीमा आहे. पंचवीस वर्षे अंगावर पाणी घेतलेला सज्जा तिची वाट पाहत थांबत नाही. शिवाय शहराबाहेरच्या हजारो स्वतंत्र घरांच्या दारी कोणताही निरीक्षक येत नाही, आणि यापुढे येईल अशीही चिन्हे नाहीत. तेथे मालकाची नजर हीच एकमेव तपासणी होय.

तेव्हा सिमेंटने पुसलेली तिथी आपणच पुन्हा लिहून घेतली पाहिजे. पन्हाळ साफ करण्यास तासभर लागतो. ते न केल्यास काही वर्षांनी स्लॅब तोडावा लागतो. वाचकांनी यंदा मृग लागण्यापूर्वीची एक सकाळ या कामासाठी राखून ठेवावी, घरातील तरुण मुलांना बरोबर घ्यावे आणि ती वही त्यांच्या हाती द्यावी; कारण ज्या घराची पाहणी कोणाच्या नावावर नसते, त्याची दुरुस्ती शेवटी कोणालाच झेपत नाही.